तिसऱ्या व्हायोलिनचं काय करायचं?

प्रश्न : नमस्कार सर. मी ऐरोलीत राहते, वय ४१, आयटीत नोकरी. शाळेपासून पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले, आठवी ग्रेड झाली, मग नोकरी-संसारात खंड पडला. आता रविवारी वाशीला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही चौघं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचना, वाजवतो. त्यात एरवी दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या सुरांचा) आणि एक चेलो लागतो. अडचण अशी की आमच्यात तीन व्हायोलिन आणि एक चेलो. व्हायोलाचा भाग 'तिसरं व्हायोलिन' म्हणून लिहिलेला मिळतो, तो मी वाजवते. परतताना ठाणे लोकलमध्ये गुणगुणते तोही तोच भाग, पहिल्या व्हायोलिनची चाल नाही. बाकीचे म्हणतात, तूच व्हायोला घे. पण माझी उंची पाच फूट एक इंच, बोटं आखूड, डावा खांदा अधूनमधून दुखतो. माझे शिक्षक म्हणतात, या वयात हात बिघडवून घेऊ नकोस, सूर जातील. नवरा म्हणतो, घरात दोन व्हायोलिनं आहेतच, आता आणखी काय? — मृ. कु., ऐरोली

उत्तर : मृ. कु., व्हायोला घ्या. हे मत तुमच्या त्या लोकलच्या वाक्यामुळे झालं, ग्रुपच्या आग्रहामुळे नाही. गरज म्हणून व्हायोलाकडे ढकललेली माणसं मी रेकॉर्डिंगच्या दिवसांत पुष्कळ पाहिली. मागच्या खुर्चीवरच्या व्हायोलिनवाल्याला सांगायचं, उद्यापासून व्हायोला आण. बिचारा आणायचा, पण मनात व्हायोलिनच वाजवत राहायचा, आणि ते ऐकू यायचं. गज घाईचा, आवाज पातळ, डोळे सारखे पहिल्या रांगेकडे. तुमचा कान मुळातच मधल्या सुरांवर जातो. असे कान कमी असतात.

आधी एक सांगतो, तुम्ही आज वाजवता तो व्हायोलाचा खरा भागच नाही. व्हायोलिनची सगळ्यांत खालची तार जी. व्हायोलाला तिच्याही खाली, आणखी एका पंचमाने, सी तार असते. त्या तारेवरचे सूर व्हायोलिनवर निघतच नाहीत, म्हणून तिसऱ्या व्हायोलिनच्या कागदात ते एक सप्तक वर उचलून लिहितात. मग होतं काय, जो सूर चेलोच्या अंगाला लागून असायचा तो एकदम दुसऱ्या व्हायोलिनच्या डोक्यावर जाऊन बसतो. तुम्ही चौघं कितीही नेटाने वाजवा, मधे पोकळी राहते. ती तुम्हालाही जाणवली असेल.

आता खांदा, कारण खरा पेच तिथेच आहे. व्हायोलिनची पेटी साधारण १४ इंच. व्हायोला पाच सूर खाली बोलतो, त्या हिशोबाने पेटी २१ इंचांच्या आसपास हवी. ती हनुवटीखाली धरणार कोण? म्हणून कारागिरांनी तडजोड केली आणि प्रत्येकाने आपापली केली. त्यामुळे व्हायोलाला ठरलेलं असं मापच नाही. मोठ्या माणसांचे व्हायोला १५ पासून साडेसोळा इंचांपर्यंत सर्रास मिळतात. तो थोडा घोगरा, नाकातला आवाजही याच तडजोडीतून आला. तुमच्या उंचीला १५, फार तर साडेपंधरा. कोणी सांगेल, सोळाचा घ्या, आवाज भरदार येतो. येतो खरा, पण दुखरा खांदा घेऊन त्या वाटेला जाऊ नका. आधी फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवा. तो बरा होईपर्यंत नव्या वाद्याचं नाव काढू नका. नवरोबांना हे वाक्य वाचून दाखवलंत तरी चालेल.

वाद्य हातात आलं की दुकानात सुंदर चाल वाजवून बघू नका, ती कुठल्याही व्हायोलावर बरी लागते. सी तारेवर फर्स्ट पोझिशनमध्ये (हात मानेच्या पार टोकाशी, खुंट्यांजवळ) करंगळी टेका आणि संथ गजाने तोच सूर धरून ठेवा. कोपर वाद्याखाली पार आत घ्यावं लागेल. मनगट मोडत असेल, अंगठा वाद्याच्या मानेला घट्ट आवळला जात असेल, तर ते वाद्य तुमचं नाही. हात झटकून पुढचा व्हायोला मागा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू द्या.

पण खरेदी नंतर. घरातलं दुसरं व्हायोलिन कपाटात पडून असणार, अशी माझी अटकळ आहे. व्हायोलिनच्याच लांबीच्या, पण सी-जी-डी-ए लावायच्या तारा मिळतात, त्या त्यावर चढवा. जाड सी तार वरच्या नटच्या (खुंट्यांजवळची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) खाचेत बसणार नाही. कारागिराकडून खाच जराशी रुंद करून घ्या आणि घोडीही एकदा दाखवा. आवाज दबका येईल, उशीतून आल्यासारखा, कारण पेटी लहान. त्याने निराश होऊ नका. ही परीक्षा आवाजाची नाही, वाचनाची आणि स्वभावाची आहे.

वाचनाचं म्हणाल तर व्हायोलाचं लिखाण आल्टो क्लेफमध्ये असतं. क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण, व्हायोलिनची वेगळी असते. आल्टोत मधली रेघ म्हणजे मधला सी. व्हायोलिनवाल्यांची एक पळवाट आहे. कागद व्हायोलिनचाच आहे आणि आपण थर्ड पोझिशनमध्ये (हात मानेवर थोडा वर सरकवून) आहोत असं समजायचं, बोटं आपोआप बरोबर तारेवर पडतात. पहिले काही दिवस खुशाल वापरा. पुढे सोडा. हात वर सरकला की ही युक्ती दगा देते, आणि चेलोवाल्याने 'बी फ्लॅटपासून घेऊ' म्हटलं की तुम्ही कागदाकडे बघत बसता.

तुमच्या शिक्षकांचं म्हणणं निम्मं खरं आहे. बोटांमधलं अंतर वाढतं, त्यामुळे सुरुवातीला व्हायोलावर सूर चढेल-उतरेल आणि परत व्हायोलिन घेतलंत की बोटं लांब पडतील. पण दोन्ही वाजवणारे जगभर आहेत. मोझार्ट क्वार्टेटला बसला की व्हायोला घ्यायचा. नावाजलेला व्हायोलावादक विल्यम प्रिमरोझ मुळात व्हायोलिनवाला, त्याला व्हायोलाकडे वळायला सुचवलं ते त्याचे गुरू इझाई यांनी, म्हणजे स्वतः नावाजलेल्या व्हायोलिनवादकाने. आपल्याकडे एम. बालमुरलीकृष्ण गायनाबरोबर व्हायोलाही वाजवत. सूर जात नाहीत, उजवा हात मात्र नव्याने शिकावा लागतो. व्हायोलाचा गज जड असतो आणि सी तार बोलायला वेळ घेते. व्हायोलिनच्या सवयीने गज भर्रकन ओढलात तर नुसती खरखर येईल. दंडाचं वजन सोडायचं आणि गज सावकाश न्यायचा.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. जुन्या क्वार्टेट्समध्ये व्हायोलाच्या वाट्याला पानंच्या पानं एकाच सुराचे ठोके येतात. पण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मेजर की मायनर, म्हणजे उजळ की उदास, हे ठरवणारा सूर पुष्कळदा तुमच्याकडेच असतो. तो किंचित खाली लागला की सगळ्यांचे चेहरे बदलतात, चूक कुणाची ते मात्र कोणाला कळत नाही. यात मजा वाटत असेल तर ठोक्यांचा कंटाळा येत नाही. व्हायोलिनच्या सगळ्यांत वरच्या ई तारेवरच्या चालीसाठी जीव तुटत असेल तर येतो. म्हणून व्हायोलिन विकू नका.

खरेदी शक्यतो दिवाळीनंतर करा. ठाण्यात काय, ऐरोलीत काय, खाडीची हवा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, सरेस ओल धरतो, आणि सांधा सुटलेलं वाद्यही 'हवेमुळे असं वाजतंय' म्हणून गळ्यात मारलं जातं. मी नौपाड्यात राहतो, जुलैत माझ्याच व्हायोलाचा आवाज मला ओळखू येत नाही. तोवर तारा बदललेल्या व्हायोलिनवर संगीतकार टेलेमानचा व्हायोलासाठीचा जी मेजर कन्चेर्टो काढा, पहिल्या दोन मूव्हमेंट (भाग) पुरे. आणि खांद्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. १५ की साडेपंधरा, ते त्यानंतर बोलू.