बाटलीतलं प्रथिन आणि ताटातलं प्रथिन

प्रश्न : सर, मंगळवेढ्याजवळ काळ्या रानात माझी कोरडवाहू मालदांडी ज्वारी असते. दाणा भरायच्या वेळेला रान भेगाळतं आणि जरा वारं सुटलं की ताटं लोळतात. चिरून बघितलं तर आत काळं. दुकानदाराने एक बाटली दाखवली. वर लिहिलंय, ‘वनस्पती प्रथिनयुक्त, बुरशी व दुष्काळ दोन्हींपासून संरक्षण’. एकच प्रथिन दोन्ही कामं करतं हे खरं का? आणि फवारू का?
— एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. तुमच्या दुकानदाराने बरोबर या दोहोंच्या मधल्या फटीत बाटली बसवली आहे.

आधी रोग. तुम्ही लिहिलंय तो खडखड्या. जमिनीलगतच्या दोन-तीन कांड्या उभ्या चिरा. गर विरून नुसते धागे उरलेले दिसतील आणि त्या धाग्यांना काळे बारीक कण चिकटलेले. हे कण म्हणजे मॅक्रोफोमिना नावाच्या बुरशीच्या गाठी. पीक निघालं तरी त्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कोरडी, तापलेली जमीन त्यांना मानवते. दाणा भरताना पानांकडून पुरेशी साखर येईना की कणीस ती ताटातून ओढतं. ताट पोकळ पडायला लागलं की बुरशीला मोकळं रान. म्हणजे तुमच्याकडे दुष्काळ आणि बुरशी हे दोन वेगळे शत्रू नाहीतच, एकाच्या पाठोपाठ दुसरा आत शिरतो.

आता प्रथिनाचं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात तंबाखूच्या पेशी मिठाच्या पाण्यात वाढवल्या होत्या. खाऱ्या पाण्यातून पाणी ओढणं झाडाला जड जातं, त्यामुळे पेशीपुरता तो दुष्काळच. त्या पेशींमध्ये एक प्रथिन भरमसाट साठलेलं निघालं, एकूण प्रथिनांच्या १०-१२ टक्के. त्याला ऑस्मोटिन म्हणतात. पुढे कळलं की बटाट्यावरच्या करप्याच्या बीजाणूंनाही ते फोडतं, आणि कित्येक बुरशींच्या पेशीभोवतीचं पातळ आवरण फाडतं. (याचं एक भावंड पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळात असतं, थॉमॅटिन. ते साखरेपेक्षा हजारो पटींनी गोड! घराणं एक, गुण बघा किती निराळे.) ज्वारीच्या दाण्यातही याच घराण्यातलं एक प्रथिन असतं आणि जोडीला कायटिनेज. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. कायटिनेज त्याचे तुकडे पाडतं, आणि गंमत अशी की तेच तुकडे झाडाला बुरशी आल्याची खबर देतात. मग झाड आणखी प्रथिनं बनवायला घेतं. खरीप ज्वारी पावसात सापडून दाणे काळे पडतात, तेव्हा प्रतिकारक वाणांच्या दाण्यांत ही प्रथिनं जास्त टिकून राहिलेली आढळली आहेत.

तर प्रथिन खरं आहे. पण ते झाडाने स्वतः, हव्या त्या पेशीत, हव्या त्या वेळी बनवायचं असतं. एवढा मोठा रेणू पानावर फवारून पेशीत जात नाही. अशा बाटल्यांत बहुतेक वेळा प्रथिनं आधीच तोडून केलेली अमिनो आम्लं असतात. त्यांनी झाडाला थोडाफार हातभार लागतो, मी नाही म्हणत नाही. पण ती ऑस्मोटिन नव्हेत. आणि कायदाही बघा. २०२१ पासून अशी उत्पादनं ‘जैव उत्तेजक’ म्हणून खत नियंत्रण आदेशात आली आहेत आणि त्या व्याख्येतून कीडनाशकं स्पष्टपणे वगळली आहेत. जैव उत्तेजकाच्या बाटलीवर बुरशीपासून संरक्षणाचा दावा दिसला की मी तरी ती खाली ठेवतो.

दुसरी गोची अशी की रोग आणि ताण यांच्यात झाडाची ओढाताण होते. पाणी कमी पडलं की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं, पानांची रंध्रं मिटतात, पाणी वाचतं. पण हेच आम्ल पुष्कळदा रोगाविरुद्धच्या सॅलिसिलिक आम्लाच्या यंत्रणेला मागे रेटतं. शिवाय प्रथिनं बनवायला नत्र आणि साखर लागते, आणि त्याच वेळी दोन्हींची टंचाई असते. म्हणून ज्या वाणांची पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात आणि साखर बनवत राहतात त्यांना खडखड्या कमी होतो. अर्जेंटिनाने २०२० मध्ये मान्यता दिलेल्या एचबी४ गव्हातही असाच डाव आहे. त्यात सूर्यफुलाचं एक प्रथिन घातलं आहे. ते स्वतः काही करत नाही, मुकादमासारखं इतर जनुकांना कामाला लावतं आणि ताणात पानं लवकर म्हातारी होऊ देत नाही. पण तो गहू दुष्काळासाठी आहे, बुरशीसाठी नव्हे.

तुमच्या रानासाठी सांगतो. भारी जमीन आहे तर फुले वसुधा हे वाण निदान अर्ध्या रानात लावून बघा. मालदांडीची भाकरी सोडवत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून अर्धं म्हटलं. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत. दाट पेरू नका, विरळणी वेळेवर करा, कारण गर्दीतली ताटं एकमेकांचं पाणी पितात. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं घाला, म्हणजे भेगा बुजतील आणि ओल आतच राहील. शेजारच्या विहिरीतून एखादं पाणी मिळण्यासारखं असेल तर ते पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, द्या. ज्या पट्ट्यात ताटं जास्त लोळली, तिथे पुढच्या रब्बीत ज्वारी नको, करडई घ्या. आणि बाटलीचे पैसे वाचले, त्यात कृषी विद्यापीठाच्या बियाण्याची पिशवी येते का बघा, पावती घेऊन.