देवाचं काम आणि सोमवारची सुट्टी

"ऑफिसचं काम असतं तर सरळ नाही म्हटलं असतं हो. पण देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं?" चर्च असो, देवस्थानची समिती असो की सत्संग मंडळ, सेवा अंगावर घेतलेल्या बायका हा प्रश्न मला हमखास विचारतात. या वेळी विचारणाऱ्या होत्या रूथताई. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

त्या एका खासगी ऑफिसात हिशेब बघतात. मिस्टर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, सुट्टी सोमवारची. मुलगी आठवीत, मुलगा पहिलीत, घरात सासूबाई. जूनमध्ये चर्चमधली उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, थांबवून घेतलं आणि संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाची, जबाबदारी दिली. रविवारी सकाळी दीड तास, बस्स. यांनी तिथल्या तिथं होकार दिला.

नोव्हेंबरात त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्या दीड तासानं आख्खा आठवडा खाल्ला होता. शनिवारी शिक्षकांची मीटिंग, रात्री ग्रुपवर पालकांचे मेसेज, त्यात नाताळचं नाटक. मेंढपाळांचे फेटे, देवदूतांचे पंख, चार्टपेपरच्या गुंडाळ्या, सगळं बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. तीच सासूबाईंची बसायची जागा. त्या काही बोलल्या नाहीत, स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसू लागल्या. (न बोलणारी सासू जास्त जड जाते, हे माझं निरीक्षण.) मग हॉल रिकामा मिळतो म्हणून नाटकाची तालीम सोमवारी संध्याकाळी ठरली, आणि मिस्टरांचा बांध फुटला. "चर्चला माझी ना नाही. पण आपल्या घरात काय ठरलंय ते मला ग्रुपवर कळायचं व्हय?"

रूथताईंना माझ्याकडून वेळापत्रक हवं होतं. मी दिलं नाही. अख्ख्या आठवड्यात बरं कधी वाटतं, एवढंच विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "रविवारी, पोरं धावत येतात तेव्हा." ऑफिसात चूक झाली तरच नाव निघतं, घरात भाजी खारट झाली तर. चर्चमध्ये मात्र लोक थांबवून "छान घेता हो तुम्ही" म्हणतात. यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण त्यामुळेच त्यांना काम वाटून देणं जमत नव्हतं. फेटे दुसऱ्या कुणी केले तर? "नीट नाही होणार, मॅडम."

आणखी एक ओझं होतं. मिस्टरांची आजी बायबल वुमन होती, घरोघरी जाऊन वचन वाचून दाखवायची. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचं काम 1852 पासूनचं, तेव्हा अशा आज्या इथल्या बऱ्याच घरांत निघतात. "त्यांनी एवढं केलं, मला दीड तास जमू नये?" पण बायबल वुमनचं काम मिशनच्या पगारावरचं, दिवसभराचं असायचं. हिशेब बघणाऱ्या बाईनं ही तुलना करावी याचं मला नवल वाटलं.

बायबलमध्ये कुणी काम वाटून दिलेलं आहे का, असं मी विचारलं. त्यांनीच निर्गम या पुस्तकाचा 18 वा अध्याय सांगितला. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला, आणि सासरा इथ्रो म्हणतो, असा तूही थकशील, लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मी तो अध्याय वाचून घेतला. इथ्रो एकटा आलेला नाही, मोशेची बायको आणि दोन मुलं त्याच्यासोबत आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी हा मोशे गडी पुन्हा कामावर! पुढच्या भेटीत हे सांगितल्यावर रूथताई जरा वेळ हसल्या, मग डोळे पुसले.

त्यानंतर नवराबायको मिळून पाळकसाहेबांकडे गेले. हे काम किती, कधीपर्यंत आणि सोबतीला कोण, हे जूनमध्ये विचारायचं ते आता विचारलं. पाळकसाहेब रागावतील ही भीती होती. त्यांना सोमवारचं माहीतच नव्हतं. नाटक चर्चच्या तरुण संघातल्या दोघांनी घेतलं, तालीम शनिवारी मीटिंगला जोडून ठेवली. रात्री नऊनंतर ग्रुपला उत्तर नाही. त्यावरून एका पालकानं तोंड फुगवलंय, ते अजून तसंच आहे.

फेटे बांधाल का म्हणून सासूबाईंना विचारून बघा, असं मी सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्याच्यानं नाही व्हायचं. माझा दिवाण तेवढा मोकळा कर."

जबाबदारी मे अखेरपर्यंत आहे. पुढच्या वर्षाचं विचारलं तर "घरी बोलून सांगते" म्हणायचं, एवढं त्यांनी आत्ताच ठरवून ठेवलंय.