थायलंडमध्ये कारखाना काढायचाय? आधी बिलाविना जाणारे महिने मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत चाळीस माणसांचा रबर-मेटल बुशचा (गाडीच्या सांध्यांत धक्के झेलणाऱ्या रबर-धातूच्या नळ्यांचा) कारखाना आहे, जुना ग्राहक म्हणतोय की आमच्या थायलंडच्या प्लांटला माल तिथूनच द्या. तर तिकडे पूर्ण मालकीची उपकंपनी निघते का, आणि इथले जुने प्रेस (रबर साच्यात दाबणारी यंत्रं) तिकडे नेता येतील का?

याच धंद्यातल्या एका पुण्याच्या कंपनीने २०१८ मध्ये थायलंडच्या रयाँग प्रांतात प्लांट टाकला, तेव्हा हिशेब आणि कागदपत्रं माझ्या गळ्यात होती. अडीच वर्षं तिथे काढली, त्यावरून सांगतोय.

उपकंपनी निघते. तिथल्या १९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्यानुसार स्वतःचा माल बनवून विकायला सहसा थाई भागीदार लागत नाही. पण यात एक मेख आहे. ग्राहकाच्या ड्रॉइंगबरहुकूम माल करून देणं, म्हणजे आपण ज्याला सरळ जॉबवर्क म्हणतो, ते तिकडचं खातं ‘सेवा’ धरू शकतं, आणि सेवेवर परकीयांना बंधन आहे. तुमचे-आमचे बुश ग्राहकाच्या ड्रॉइंगवरच बनतात! म्हणून बीओआयकडे, म्हणजे तिथल्या गुंतवणूक मंडळाकडे, अर्ज करायचा. त्यांची मान्यता मिळाली की हा गुंता सुटतो. शिवाय यंत्रांवरच्या आयात शुल्कात सूट मिळते आणि परदेशी माणसाच्या वर्क परमिटचं सोपं होतं. नाहीतर एका परदेशी माणसामागे चार थाई कामगार आणि २० लाख बाट भांडवल दाखवत बसावं लागतं.

नोंदणीला आमच्या वेळी तीन भागधारक लागायचे. फेब्रुवारी २०२३ पासून दोन पुरतात. त्यामुळे ‘शंभर टक्के मालकी’ कागदावर थोडी कमीच दिसते, त्याचं टेन्शन घेऊ नका.

आपल्याकडची बाजू मात्र हलक्यात घेऊ नका. ऑगस्ट २०२२ मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आले. आता पैसे पाठवताना बँकेत फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेचा युनिक नंबर घ्यायचा, सहा महिन्यांत शेअर्स मिळाल्याचा पुरावा द्यायचा आणि दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत कामगिरीचा अहवाल भरायचा. आपल्या कंपनीच्या नेटवर्थच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) चौपटीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. एखादा अहवाल राहिला तर तो नियमित होईपर्यंत पुढचा पैसा पाठवता येत नाही, आणि पैसा नेमका पगाराच्या आठवड्यातच लागतो.

आमचा शेअर सर्टिफिकेटचा किस्सा सांगतो. थाई कागद, त्याला इंग्रजी भाषांतर जोडलेलं, सही-शिक्का सगळं चोख. पुण्यातल्या बँकेतून फोन आला, “साहेब, तारीख चुकलीय, २५६१ साल लिहिलंय.” चुकलं काहीच नव्हतं. तिकडे सरकारी कागदावर बौद्ध संवत चालतं, आपल्या सनापेक्षा ५४३ ने पुढे. भाषांतर करणाऱ्याने आकडा होता तसा उतरवला होता. नवं भाषांतर, पुन्हा नोटरी, पुन्हा कुरियर, यात तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी प्रत्येक भाषांतरावर दोन्ही सनं लिहून घ्यायला लागलो.

आता पैसे कुठे जातात ते बघा. शेड आम्ही भाड्याने घेतली. तिथल्या औद्योगिक वसाहतींत तयार शेड मिळतात. भाडेकरार तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तर तो जमीन खात्यात नोंदवावा लागतो, नाहीतर तीन वर्षांपलीकडे कायदा त्याला विचारत नाही. प्रेस बसले, वीज आली, माणसं भरली. आम्हाला वाटलं, झालं, आता महिन्याभरात बिल फाडू. पहिलं बिल निघायला त्यानंतर अकरा महिने लागले.

कारण ग्राहकाच्या लेखी नवा प्लांट म्हणजे नवा पुरवठादार. तोच बुश, तोच मोल्ड, पुण्यात दहा वर्षं पास झालेला, तरी पीपॅप, म्हणजे माल सुरू करण्याआधीची ग्राहकाची मंजुरी, पुन्हा पहिल्यापासून. सलग ३०० नग काढायचे, मापं द्यायची, मग एन्ड्युरन्स टेस्ट. त्यात आमची एक हौस नडली. जगात सगळ्यात जास्त नैसर्गिक रबर थायलंडमध्ये पिकतं, रयाँगच्या रस्त्याला दुतर्फा रबराच्या बागा, मग कच्चा माल तिथलाच घेऊ असं ठरलं. पण रबर बदललं की कंपाउंड (रबरात रसायनं मिसळून केलेलं मिश्रण) बदललं, आणि कंपाउंड बदललं की टेस्ट पहिल्यापासून. मधला मार्ग म्हणून पुण्यात मिक्स केलेलं कंपाउंड कंटेनरने मागवलं. गंधक आणि अॅक्सिलरेटर (रबर लवकर पक्कं करणारं रसायन) घातलेलं कंपाउंड बोटीच्या उकाड्यात कसं टिकणार? अर्धा माल स्कॉर्च होऊन, म्हणजे साच्यात जाण्याआधीच घट्ट होऊन, आला, प्रेसमध्ये वाहेचना. शेवटी मिक्सिंग मिल तिथेच बसवली. ते पहिल्या दिवशी केलं असतं तर चार महिने वाचले असते.

या सगळ्या काळात पगार चालू, भाडं चालू. म्हणून बजेट करताना यंत्रांचा आकडा बाजूला ठेवा आणि ‘एकही बिल न काढता बारा महिने’ हा आकडा आधी काढा. तो झेपत असेल तर पुढचं बोलू. २०१८ मध्ये रयाँगला किमान मजुरी दिवसाला ३३० बाट होती, जानेवारी २०२५ पासून ४०० आहे. माणूस घेताना आणखी एक लक्षात ठेवा: १२० दिवस भरले की काढताना ३० दिवसांच्या पगाराएवढी भरपाई द्यावी लागते, आणि नोकरी जुनी होत जाईल तशी ती वाढत जाते. म्हणून तिकडे सगळेच प्रोबेशन ११९ दिवसांचं ठेवतात.

कामगार उत्तम. शिस्त आपल्यापेक्षा जास्त, हात सफाईदार. फक्त एक सवय समजून घ्यावी लागते, तिला तिथे ‘क्रेंग चाय’ म्हणतात. वरच्या माणसाला अडचणीत आणायचं नाही, त्रास द्यायचा नाही. एका मोल्डला तडा गेलेला ऑपरेटरला दिसला होता. चार दिवस तो फ्लॅश, म्हणजे तड्यातून बाहेर आलेलं जादा रबर, कापून माल पुढे ढकलत राहिला, बोलला नाही. मी रोज विचारायचो, “सगळं ठीक?” आणि तो हसून मान डोलवायचा. नंतर मी तो प्रश्नच बंद केला. प्रेसजवळ जाऊन “पुढचे तीन नग मला काढून दाखव” म्हणायचो, तडा असेल तर तिथेच दिसायचा.

पहिला प्रेस सुरू करायच्या आधी शॉपमधल्या बायकांनी सांगितलं की आवारात जागेच्या देवाचं छोटं घर हवं. आमचे प्लांट हेड कुरकुरले. मी म्हटलं, खंडेनवमीला आपण प्रेसला हळद-कुंकू लावतोच ना? मग खांबावरचं छोटं देवघर आणलं, त्यापुढे लाल सरबताची बाटली स्ट्रॉ घालून ठेवली. पुढे रोज सकाळी ती बदलणं हे कुणाला न सांगता ठरलेलं काम झालं.

जुन्या प्रेसचं म्हणाल तर सरसकट नेऊ नका. बीओआयच्या जुन्या यंत्रांबाबत वयाच्या अटी आहेत, फार जुनी यंत्रं सवलतीत बसत नाहीत. मोल्ड न्या, प्रेस तिथे घ्या.

आणि ग्राहकाच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. रयाँगचा बाजार आता २०१८ सारखा नाही. पिकअप हे तिथलं मुख्य वाहन, पण कर्जबाजारी घरांमुळे बँकांनी हात आखडले आणि २०२३-२४ मध्ये पिकअपची विक्री घसरली. सुबारूने २०२४ अखेर तिथलं उत्पादन थांबवलं, सुझुकीने प्लांट बंद करायचं जाहीर केलं. दुसरीकडे बीवायडीने जुलै २०२४ मध्ये रयाँगलाच कारखाना उघडला. विजेच्या गाडीत इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) लागत नाही, सस्पेन्शन बुश लागतात. तुमच्या मालात दोन्हीचं प्रमाण किती?

ते कळवा, आणि ग्राहकाने वार्षिक नगांचा आकडा लेखी दिलाय की नुसता मीटिंगमध्ये बोललाय, तेही. नुसता बोलला असेल तर सध्या तिथे भाड्याने एक गोडाऊन घ्या, माल भोसरीतूनच पाठवा आणि वर्षभर बघा.