पुण्यातलं जुनं क्रेडिट कार्ड, गावाकडं नोटीस! आता काय करू?

जिंतूर तालुक्यातून एका भावाने विचारलंय. पुण्यात कंपनीत असताना कार्ड घेतलं, जून २०१८ ला शेवटचं पेमेंट केलं, मग नोकरी गेली अन् गावाकडं आले. आता रिकव्हरीवाला म्हणतो ८० हजाराचे २ लाख झाले, पोलीस आणतो, नाहीतर ५ हजार टोकन भरून सेटलमेंटच्या कागदावर सही करा. वरून लोक अदालतीची नोटीस पण आलीय.

भाऊ, आधी पोलिसाचं भ्या काढून टाका. बिल थकणं दिवाणी मामला आहे, त्याच्यासाठी कुणी उचलून नेत नाही.

अशा वसुलीचा दावा पैसे थकल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो, मुदत कायदा १९६३. तुमची मुदत २०२१ मधेच संपली असती पण कोरोनात सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजायचा नाही असं सांगितलं, त्यामुळं ती सरकून २०२३ च्या मध्यापर्यंत जाते, म्हणजे तरीबी गेलीच. फक्त मुदत चालू असताना तुम्ही कुठं लेखी कबुली दिली किंवा थोडेफार पैसे भरले असतील तर मोजणी नव्यानं सुरू होऊ शकते, ते नीट आठवून बघा.

आता खरा डाव त्या कागदात आहे. मुदत संपल्यावर नुसतं 'देणं आहे' म्हटल्यानं दावा जिवंत होत नाही, पण 'मी देईन' असं लिहून सही केली की करार कायद्याचं कलम २५(३) लागतं आणि मेलेल्या कर्जाचा नवा करार तयार होतो. म्हणून सही नको, पुढच्या तारखेचे चेक तर अजिबातच नको, बाउन्स झाले की कलम १३८ ची (चेक बाउन्सची) फौजदारी केस मागं लागते. व्हाट्सॅपवर 'देतो साहेब' पण टाकू नका. लोक अदालतीची नोटीस म्हणजे केस नाही, नाही गेलात तर तुमच्या विरोधात निकाल लागत नाही, पण तिथं जाऊन तडजोडीवर सही केली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी (पक्क्या निकालासारखी) होते अन् तिच्यावर अपील नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. ई-कोर्ट्सच्या साइटवर पुण्याच्या कोर्टात स्वतःच्या नावानं केस शोधा. समन्स जुन्या रूमच्या पत्त्यावर गेलं असेल आणि एकतर्फी निकाल लागला असेल तर हे ३ वर्षांचं गणित कामाचं नाही, हुकूमनाम्याची वसुली १२ वर्षं करता येते. तसं निघालं तर कळल्यापासून ३० दिवसांत निकाल रद्द करायचा अर्ज टाकावा लागतो, म्हणून दिसलं की लगेच वकील गाठा.

आणि हो, मुदत गेली म्हणून देणं पुसलं जात नाही, फक्त कोर्टाचा रस्ता बंद होतो. सिबिल खराबच राहणार, उद्या पीककर्जाला बँक तेच दाखवील. मिटवायचंच असेल तर बँकेकडून लेखी ऑफर आधी घ्या, वकिलाला दाखवा, एकरकमी भरा अन् नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) घ्या. हप्त्यात नाही.

एजंटनं सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. रेकॉर्डिंग ठेवा, बँकेत लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बुड्समनकडं (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं) जा.

उद्या खरंच समन्स आलं तर घरी बसू नका. मुदतबाह्य दावा कोर्टानं स्वतःहून फेटाळायचा असतो हे खरं, पण तो मुद्दा तुमच्या वकिलानं लेखी मांडलेला बरा. समरी सूट (झटपट चालणारा वसुलीचा दावा) असेल तर हजर व्हायला १० च दिवस मिळतात.