आधी मॅट्रिक्स जोडा, मग चित्र हलवा

प्रश्न : एफएमआरआयची (मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनची) चित्रं आधी त्याच व्यक्तीच्या टी-वन स्कॅनवर (मेंदूची रचना दाखवणाऱ्या), मग एमएनआय साच्यावर (प्रमाणित मेंदूवर) बसवते. कडा पुसट येतात. काय चुकतंय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चित्र दोनदा नव्याने मोजलं जातंय आणि दर वेळी शेजारच्या व्हॉक्सेलांची (चित्राच्या त्रिमितीय ठिपक्यांची) सरासरी त्यात मिसळतेय. रूपांतरं, म्हणजे चित्र कसं हलवायचं ते सांगणारी मॅट्रिक्स, आधी जोडा; चित्र एकदाच हलवा. एफएसएल या मेंदूचित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘कन्व्हर्ट-एक्सएफएम’ आज्ञेत ‘कॉनकॅट’नंतर टी-वन ते एमएनआय मॅट्रिक्स आधी लिहायचं, एफएमआरआय ते टी-वन शेवटी. इथेच घोटाळा होतो : क्रम उलटला तरी आज्ञा निमूट चालते, मेंदू मात्र भलतीकडे सरकतो. टी-वन ते एमएनआयसाठी एफएसएलच्याच एफनर्टचा वार्प (जागोजागी वेगळं ताणणारं रूपांतर) असेल, तर ‘अप्लायवार्प’ या आज्ञेला एफएमआरआय ते टी-वन मॅट्रिक्स ‘प्रीमॅट’ म्हणून द्या. लेबलांच्या चित्राला (ज्यात प्रत्येक आकडा मेंदूच्या एका भागाचा क्रमांक असतो) निअरेस्ट नेबरच लावा, म्हणजे सरासरी न काढता सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचाच आकडा घेतला जातो. नाहीतर ३ आणि ५ या भागांच्या सीमेवर, तिथे नसलेला ४ उगवतो.