निवेदनांनी मुदत थांबत नाही

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. वडिलोपार्जित आंब्याची बाग समुद्रकिनाऱ्याला आहे. तिच्या शेजारच्या अणुवीज प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाल्याची जाहिरात येऊन 71 दिवस झाले. आयुष्य संपल्यावर अणुभट्टी मोडीत कशी काढणार, यावर ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अहवालात जेमतेम दोन परिच्छेद आहेत. जनसुनावणीला आम्ही गेलो नव्हतो, लेखी हरकतही दिली नव्हती. जिल्हाधिकारी आणि पालकमंत्र्यांना निवेदने दिली, उत्तर नाही. पुढे काय करावे?

उत्तर : दोन परिच्छेद अपुरे आहेत, हे वेगळे सांगायला नको. पण तुमच्या हातात फार तर 19 दिवस उरले आहेत.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 च्या कलम 16 प्रमाणे मंजुरीविरुद्ध अपिलाला 30 दिवस मिळतात. सबळ कारण दाखवले तर वर आणखी 60. त्यानंतर न्यायाधिकरणाला तुमचे म्हणणे पटले तरी विलंब माफ करता येत नाही. एरवी विलंब माफ करून देणारे मुदत कायद्याचे कलम 5 इथे कामाला येत नाही. आणि दिवस तुम्ही आदेश वाचलात तेव्हापासून मोजत नाहीत. जाहिरात, परिवेश पोर्टल (पर्यावरण मंजुऱ्यांचे केंद्राचे संकेतस्थळ), ग्रामपंचायतीचा फलक, यांतली सर्वांत आधीची तारीख धरूनच चला. पोर्टलवर आदेश जाहिरातीच्या पाच दिवस आधी चढला असेल, तर 19 चे 14 झाले. आजच बघा.

जनसुनावणीला गेला नाहीत, लेखी हरकतही दिली नाहीत. तेवढ्यावरून अपील अडू नये. निवेदनांत घालवलेले दोन महिने मात्र विलंब माफीच्या अर्जात नडतील, कारण तिथे तिसाव्या दिवसानंतरच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब मागतात. निवेदनांच्या पोचपावत्या जोडा. 'उत्तराची वाट पाहत होतो' एवढ्यावर विसंबू नका. अशी पत्रे सारखी येतात, आणि निवेदनाने मुदत थांबते हा समज काही जात नाही.

'मोडायची वेळ येईल तेव्हा भांडू' हा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल तर विसरा. 2006 च्या ईआयए अधिसूचनेच्या अनुसूचीत नोंद 1(ई) अणुवीज प्रकल्पांची आहे. डिकमिशनिंगची, म्हणजे अणुभट्टी मोडीत काढण्याची, स्वतंत्र नोंद नाही. मोडताना नवी मंजुरी लागते असा युक्तिवाद करता येईल, टिकेलच असे मी म्हणणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ डिकमिशनिंगची तपासणी करते, पण तिथे जनसुनावणीची सक्ती मला दिसत नाही.

आता मुद्दे. न्यायाधिकरण ज्या कायद्यांवर निर्णय देऊ शकते त्यांच्या यादीत, म्हणजे त्याच्या कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, अणुऊर्जेचा कायदा नाही. म्हणून किरणोत्साराची मर्यादा किती असावी या वादात शिरू नका. पर्यावरण (संरक्षण) कायदा, 1986 खालचे मूल्यांकन अपुरे, एवढेच धरून ठेवा. आधी कार्यकक्षा, म्हणजे टर्म्स ऑफ रेफरन्सची प्रत काढा. तिच्यात डिकमिशनिंग मागितले होते आणि अहवालाने ते टाळले, तर याहून भक्कम मुद्दा नाही. मग नेमके विचारा : अणुभट्टी लगेच तोडणार की काही दशके बंदिस्त ठेवून? भट्टीत उरणाऱ्या किरणोत्सारी कोबाल्ट-60 चा अर्धायुकाल (निम्मे होण्याचा काळ) 5.27 वर्षे, म्हणजे 30 वर्षांत ते सुमारे 2 टक्क्यांवर येते. निकेल-63 चा सुमारे 100 वर्षे, ते तसे जात नाही. काँक्रीट कापतानाची धूळ, धुण्याचे पाणी, जड पाण्याची भट्टी असेल तर ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन), वापरलेले इंधन तोवर कुठे, कचरा कोणत्या रस्त्याने जाणार. यातले काय अहवालात नाही, ते पानांच्या क्रमांकासह लिहा.

अपील पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठात, नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क 1000 रुपये. सातबारा, निवेदने, जाहिरात, सगळ्यांचे इंग्रजी भाषांतर जोडा. अनेक प्रकरणे त्रुटींसाठी इथेच परत येतात. नव्वदावा दिवस सुट्टीचा निघाला तर पुढचा दिवस मिळेलच, असे धरू नका. वकीलपत्रावर या आठवड्यात सही करा.