पोरगा कोणाकडेच जात नाही, माझं चुकलं का?

प्रश्न : ताई, आम्ही चोपड्याजवळ खेड्यात राहतो, एकत्र कुटुंब. धाकटा साडेतीन वर्षांचा आहे, घरात दिवसभर बडबड, पण नवीन माणूस दिसलं की गप्प. कानबाई देवीच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमली, रोट खायला पंगत बसली तरी हा दाराआड माझा पदर तोंडात धरून उभा. मोठी मुलगी मात्र पहिल्यापासून कोणाच्याही कडेवर जायची. सासूबाई म्हणतात तूच लाडावून ठेवलाय. खरंच माझं चुकलं का?

उत्तर : नाही गं, आणि हे तुझं मन राखायला म्हणत नाहीये. एकाच चुलीवरचं खाऊन दोन पोरं इतकी वेगळी निघतात कारण स्वभावाचा बराच भाग पोरं जन्मतःच घेऊन येतात, जुळ्यांच्या अभ्यासांतही अनुवंशाचा वाटा पुन्हा पुन्हा दिसलाय. अमेरिकेत जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले, तर साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडून रडायला लागली आणि पुढे बुजरी पोरं यांच्यातच जास्त निघाली. मेंदूत अमिग्डला नावाचा छोटासा भाग आहे, नवीन काही दिसलं की सावध करणारा, तो यांच्यात पटकन जागा होतो असं केगन सांगायचे. आता चार महिन्यांच्या बाळाला कोण लाडावणार, सांग बरं!

पण घराचा हात नसतो असंही नाही. न्यूयॉर्कला १९५६ पासून थॉमस आणि चेस या डॉक्टर जोडप्याने कितीतरी मुलं वर्षानुवर्षं पाहिली, त्यात साधारण १५ टक्के तुझ्या पोरासारखी, हळूहळू रुळणारी. त्यांचं म्हणणं, पोराचा स्वभाव आणि घरच्यांची अपेक्षा जुळली की पोरगं सुखात वाढतं. म्हणून त्याला उचलून कोणाच्या मांडीवर ठेवू नको, पण सारखं पदराखाली झाकूही नको, तसं केलं तर भीती तशीच राहते. पाहुणे आले की तुझ्यासोबत पाण्याचा तांब्या घेऊन येऊ दे, पाच मिनिटं उभा राहिला तरी खूप झालं. आणि ‘लाजाळू आहे हो’ हे त्याच्यासमोर कोणालाच म्हणू देऊ नको. घरातही बोलणं कमी झालं, हाक मारली तरी बघत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव.

आणि एकदा निवांत बसून सासूबाईंना विचार, तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हा कानबाईला कुठे असायचा?